चाकाचा ऑफसेट आणि मधली चकती

एस. वाय. बी. ए.

‘ऑफसेट’ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना छपाई आठवते. पत्र्यावरची शाई सरळ कागदावर न उतरता आधी रबरी आवरणावर उतरते आणि तेथून कागदावर जाते, म्हणून ती ऑफसेट छपाई. माझ्या घरी मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने रोज कानावर पडतो. माझे वडील टर्नर आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा एक जुना लेथ आहे. पूर्वी त्यावर पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग होत. गेल्या काही वर्षांत मोटारींच्या चाकांची कामेही तितकीच येऊ लागली आहेत. संध्याकाळी मी तेथे हिशेबाची वही लिहिते आणि व्हर्निअरने मापे घेऊन देते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने चाकावर लेख लिहावा याचे प्राध्यापकवर्गाला कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु या विषयाला लागणारे गणित सातवीच्या पलीकडचे नाही, आणि ते न कळल्याचा त्रास गाडीत बसणाऱ्या कोणालाही होऊ शकतो. त्यात कला आणि विज्ञान असा भेद नाही.

प्रथम एका शब्दाविषयी, कारण शब्दांकडे लक्ष जाणे हा आमच्या शाखेचा स्वभाव. कंपनीची लोखंडी चाके काढून लोक जी चकचकीत चाके बसवतात त्यांना आपल्याकडे सर्रास ‘मॅगव्हील’ म्हणतात. हे ‘मॅग’ म्हणजे मॅग्नेशियम. शर्यतीच्या मोटारींना वजन कमी व्हावे म्हणून मॅग्नेशियमची चाके बसवीत, त्यावरून हे नाव पडले. आज बाजारात मिळणारी चाके जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. धातू गेला, नाव राहिले.

ही चाके विकत घेताना ग्राहक दोन गोष्टी पाहतो, व्यास आणि नक्षी. जरा जाणता असेल तर किती नटांचे चाक आहे आणि नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास किती आहे हेही विचारतो. मारुती जिप्सीला पाच भोके १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, स्विफ्टला चार भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. हे जुळले नाही तर चाक बसतच नाही. त्यामुळे या बाबतीत फसगत फारशी होत नाही. खरी फसगत होते ती चाक बसते तेव्हा. ते बसले म्हणजे जुळले, असे ग्राहक समजतो. तिसरे माप कोणी विचारत नाही, आणि ते म्हणजे ऑफसेट.

कल्पना करा की चाक उभे धरून त्याच्या रुंदीच्या बरोबर मधोमध करवतीने कापले. ही झाली चाकाची मध्यरेषा. आता चाकाचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो, ज्यातून नट-बोल्ट जातात, तो या मध्यरेषेवरच असेलच असे नाही. तो मध्यरेषेपासून जितके मिलिमीटर दूर असेल तितका त्या चाकाचा ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. अशा चाकाचा बहुतेक भाग गाडीच्या आत शिरलेला असतो. टेकणारा भाग आतल्या बाजूला असेल तर ऑफसेट ऋण, आणि चाक बाहेर आलेले दिसते. दोन्ही एका रेषेत असतील तर ऑफसेट शून्य. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या आजच्या लहान गाड्यांचा ऑफसेट बहुधा धन ३५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. चाकाच्या मागच्या बाजूला कोठेतरी ‘ईटी’ ही अक्षरे व पुढे आकडा ओतलेला किंवा ठोकलेला सापडतो. ‘ईटी’ हे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचे लघुरूप आहे. शब्दशः अर्थ, आत दाबल्याची खोली. वडिलांना जर्मन येत नाही. ते “चाक किती आत बसलंय” असे म्हणतात, आणि मला वाटते भाषांतर म्हणून हे उत्तम आहे.

आता उदाहरण घेऊ. समजा, गाडीबरोबर आलेले चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. मालकाला आवडलेले नवे चाक सात इंच रुंद आणि ईटी ३५ आहे. दुकानदार म्हणतो, दहाचाच फरक आहे, काही होत नाही. खरेच दहाचा फरक आहे का? इंचाचे मिलिमीटर करू. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, त्याचे निम्मे ६९.८५. हबच्या टेकणाऱ्या भागापासून बाहेरची कड काढायची तर निम्म्या रुंदीतून ऑफसेट वजा करायचा, आणि आतली कड काढायची तर त्यात मिळवायचा. जुन्या चाकाची बाहेरची कड २४.८५ वर, आतली ११४.८५ वर. सात इंच म्हणजे १७७.८, निम्मे ८८.९. नव्या चाकाची बाहेरची कड ५३.९ वर, आतली १२३.९ वर. म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला २९ मिलिमीटर सरकले, आणि त्याच वेळी आतल्या बाजूलाही ९ मिलिमीटर सरकले. बाहेर मडगार्डची कड आहे, आत शॉकॲब्सॉर्बरचा दांडा आहे. दहाचा फरक ऐकून गेलेला मनुष्य एकोणतीसचा फरक घेऊन घरी येतो. कारागिरांच्या भाषेत हे नऊ सूत झाले. मडगार्डखाली नऊ सुतांची मोकळी जागा फार थोड्या गाड्यांना असते.

रुंदी वाढवूनही ईटी ४५ च ठेवला असता तर? मग बाहेर १९ आणि आतही १९ वाढले असते. बाहेर सोसले असते, पण आत टायर दांड्याला घासण्याचा संभव होता. म्हणून रुंदी वाढली की ऑफसेट थोडा कमी करावाच लागतो. कमी ऑफसेट म्हणजे वाईट असे समजू नये. प्रश्न असतो तो किती कमी, आणि कोणत्या गाडीला.

चाकावर आकडा नसेल किंवा आकड्यावर विश्वास नसेल तर माप स्वतः घेता येते. चाक तोंड खाली करून जमिनीवर ठेवावे, मागच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजावी. मग कडांसकट चाकाची एकूण रुंदी मोजून तिचे निम्मे त्यातून वजा करावे. येथे एक सावधगिरी हवी. सात इंची चाक कडांसकट सुमारे आठ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर भरते, कारण सात इंच हे टायर जेथे बसतो त्या दोन जागांमधले अंतर असते. खोली १३६.५ आली आणि निम्मी रुंदी १०१.५ असली तर ऑफसेट ३५. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण पैसे देण्याआधी करायची.

कंपनीने ठरवलेला ऑफसेट ही केवळ जागेची सोय नसते. भरलेली कळशी कमरेवर घेऊन अर्धा मैल चालता येते. तीच कळशी हात लांब करून धरली तर दहा पावले चालणे कठीण. कळशीचे वजन तेच असते, वाढते ते अंतर. चाक बाहेर सरकवले की बेअरिंगची गत तशी होते. एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि चाकाची मध्यरेषा २० मिलिमीटर बाहेर गेली तर गाडी नुसती उभी असतानाही बेअरिंगवर सहा किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ पडतो. खड्ड्यात आदळताना भार काही पट होतो, आणि पीळही त्याच प्रमाणात वाढतो. बेअरिंग त्या दिवशी तुटत नाही. ते लवकर वाजायला लागते, आणि तोपर्यंत चाके बदलल्याचा विसर पडलेला असतो.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची, आणि ती मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. पुढचे चाक वळते ते एका तिरप्या अक्षाभोवती. हा अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायरच्या टेकणाऱ्या जागेच्या मध्याजवळ कोठेतरी मिळतो. त्या दोन बिंदूंमध्ये आडवे जे अंतर राहते त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. टेकण्याचा मध्य अक्षाच्या जितका बाहेर, तितकी खड्ड्यात एक चाक गेल्यावर स्टिअरिंग हातातून ओढले जाण्याची शक्यता जास्त. ब्रेक एका बाजूला जास्त लागला तरी तसेच. १९७२ साली आलेल्या ऑडी ८० या गाडीत हा मध्य मुद्दाम अक्षाच्या किंचित आत ठेवला होता. तिचे ब्रेक तिरपे विभागलेले होते, म्हणजे एक नळी फुटली तरी पुढचे एक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे चाक थांबवता येई. अशा वेळी एकाच पुढच्या चाकाला ब्रेक लागून गाडी एका बाजूला खेचली जाणार हे उघड होते. मध्य आत असल्यामुळे चाके आपोआप उलट दिशेला किंचित वळत आणि गाडी सरळ राही. काही मिलिमीटरांची ही योजना आहे. तिच्यात आपण पंचवीस मिलिमीटर बाहेरून ढकलतो तेव्हा कोणाचे तरी काळजीपूर्वक केलेले काम पुसून टाकत असतो.

आता चकतीकडे वळते. चकती म्हणजे स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये धातूचे गोल कडे घालून चाक बाहेर आणायचे. दहा मिलिमीटरची चकती घातली की ईटी ४५ चे चाक ईटी ३५ सारखे बसते. चाक आत घासत असेल तर चकतीने सुटका होते, हे खरे. पण बहुतेक गिऱ्हाइके त्यासाठी येत नाहीत. त्यांना चाक मडगार्डच्या रेषेत आलेले पाहायचे असते. माझ्या वर्गातील दोघांच्या गाड्यांना चकत्या आहेत, आणि गाड्या दिसतात छान, हे मान्य केले पाहिजे.

असे गिऱ्हाईक आले की वडील त्याला एकच काम सांगतात. चाक जागेवर ठेवायचे, नट हाताने लावायचा आणि घट्ट होईपर्यंत किती फेरे जातो ते मोजायचे. “आधी फेरं मोज, मग बोलू.” बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नटाने निदान स्टडच्या जाडीइतकी पकड घ्यावी असा साधा नियम आहे. स्टडचे आटे दीड मिलिमीटरचे असतील तर आठ फेरे, सव्वा मिलिमीटरचे असतील तर जवळजवळ दहा फेरे. मारुतीच्या गाड्यांना सव्वाचे आटे असतात. मूळ चाकावर अकरा फेरे जात असतील तर पकड पावणेचौदा मिलिमीटर झाली. त्यातून आठ मिलिमीटरची चकती वजा केली की पावणेसहा उरतात, म्हणजे साडेचार फेरे. लांब स्टड ठोकून घेतल्याशिवाय हे काम करू नये, इतका सरळ हा हिशेब आहे.

नट चाकाला धरून ठेवतो तो नेमका कसा, याविषयीही गैरसमज आहे. चाक स्टडवर लटकलेले असते असे आपल्याला वाटते. वस्तुतः नट चाकाला हबवर इतके दाबतात की दोहोंमधल्या घर्षणानेच भार पेलला जातो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर लावला तर बारा मिलिमीटरच्या स्टडवर सुमारे चार टनांचा दाब येतो. चार स्टडचा मिळून सोळा टन. हा दाब कायम राहिला तर स्टडला आडवा मार बसत नाही. तो ढिला झाला की चाक किंचित सरकू लागते, आणि मग प्रत्येक खड्ड्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो. तार वारंवार वाकवून आपण तोडतो तशीच ही क्रिया. चकती आली की एका सांध्याचे दोन सांधे होतात. हबवर गंज असेल, चकतीला रंग लावला असेल, लेथवरची खरड कडेला राहिली असेल, तर थोड्याच दिवसांत तो थर दबतो आणि दाब कमी होतो. म्हणून वडील चकतीला कधी रंग लावू देत नाहीत आणि तिच्या दोन्ही बाजू समांतर आहेत की नाही ते डायल लावून पाहतात. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या चकतीत एका बाजूला दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा फरक असला तरी पंधरा इंची रिमच्या कडेला तो पाव मिलिमीटर होऊन दिसतो.

हबच्या मध्यभागी एक उंचवटा असतो, चाकाचे मधले भोक त्यावर बसते आणि चाक आपोआप मध्यात येते. स्विफ्टचा हा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातली चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक बरेचदा ७३.१ मिलिमीटरचे ठेवलेले असते. मधली जागा भरणारे कडे मागून घ्यावे लागते, आणि दुकानदार ते विसरतो. चपटी चकती घातली तर हा उंचवटा तिच्यातच बुडून जातो व चाकाला मध्य दाखवणारे काही उरत नाही. चांगल्या चकतीला स्वतःचा उंचवटा काढलेला असतो. तो काढायला वेळ लागतो, म्हणून ती महाग पडते. वीस मिलिमीटर आणि त्यापुढच्या चकत्यांचा प्रकार निराळा आहे. त्या हबला आपल्या नटांनी घट्ट होतात आणि त्यांच्यावर चाकासाठी वेगळे स्टड असतात.

हे सारे मी वहीत लिहून ठेवले होते, पण त्याचे गांभीर्य मला गेल्या वर्षी एका गाडीमुळे समजले. एक मुलगा आठ मिलिमीटरच्या चकत्या मागायला आला होता. “मामा, तेवढं करून द्या की.” वडील म्हणाले, “देतो, पण स्टड लांब घालून घे. नाहीतर मला सांगू नको.” स्टडचा खर्च ऐकून तो निघून गेला आणि दुसरीकडे चकत्या करवून घेतल्या. तीन महिन्यांनी त्याची गाडी ओढून आमच्या दारात आणली. पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटले होते, उरलेल्या दोघांचे आटे सपाट झाले होते आणि चाकाची भोके लंबगोल. टोलनाक्यावरून गाडी नुकतीच सुटत होती, वेग नव्हता, त्यामुळे चाक निखळून गाडी खाली टेकली एवढेच झाले. मागच्या आसनावर त्याची आई आणि धाकटी बहीण होती. वडिलांनी चाक हातात घेतले, बराच वेळ भोकांकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

तेव्हापासून ते लांब स्टडशिवाय पाच मिलिमीटरवर चकती करीत नाहीत. याचा अर्थ महिन्याकाठी चार-पाच कामे हातची जातात. माझी फी त्याच लेथमधून येते, वहीही माझ्याच हाती आहे, त्यामुळे ती कामे गेल्याचे मला आकड्यांत दिसते. एकदा मी विचारले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊन करून घेणारच, मग आपण तरी का सोडायचे? त्यांनी उत्तर दिले, “तो करंल, त्याच्या हाताने करंल.” यावर वाद घालण्यासारखे मला काही सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

चकतीच्या बाजूने सांगितला जाणारा एक मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे. चाके बाहेर आली की गाडी वळणावर पक्की बसते, असे म्हणतात. तत्त्वतः ते खरे आहे. दोन चाकांमधले अंतर वाढले की वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारा भार कमी होतो. पण किती? अंतर १४०० मिलिमीटर असेल आणि दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या चकत्या घातल्या तर ते १४२० झाले. भार सुमारे दीड टक्क्याने कमी झाला. टायरमध्ये हवा योग्य ठेवली तर याहून अधिक फायदा होईल, आणि हवा फारच स्वस्तात मिळते.

कायद्याची बाजूही थोडी पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. जर्मनीत वेगळी वाट आहे. तेथे चाके आणि चकत्या बदलायला बंदी नाही, पण त्या विशिष्ट चाकाची, त्या विशिष्ट गाडीवर चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र लागते. १९७८ साली युरोपात मडगार्डविषयी एक नियम झाला. चाकाच्या केंद्रातून उभी रेषा काढली तर तिच्यापुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर मडगार्डखाली झाकलेला असला पाहिजे. टायरने उडवलेला खडा मागून येणाऱ्याच्या काचेवर किंवा डोळ्यावर जाऊ नये हा त्यातला हेतू. बाहेर आलेल्या चाकामागून मोटारसायकलवरून एकदा जाऊन पाहिले की हा नियम लगेच पटतो.

ज्यांनी चाके बदललीच आहेत त्यांनी एवढे करावे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कोठे घासतो का ते पाहावे, आणि मागे चार माणसे बसवून मागच्या चाकांचेही पाहावे. रिकाम्या गाडीत जे घासत नाही ते लग्नाला निघालेल्या गाडीत घासते. नटाची बैठक चाकाच्या बैठकीशी जुळते का, म्हणजे निमुळत्या भोकाला निमुळता नट आणि गोलाकार भोकाला गोलाकार नट आहे का, हे मिस्त्रीला विचारावे. हवेच्या गनने नट कितीही आवळले म्हणजे चांगले, असे नसते. फार आवळल्यास स्टड ताणला जातो. मोजून आवळणाऱ्या पान्याने आवळावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा. आमच्या दुकानात यासाठी पैसे घेत नाहीत. तरीही दहांतले जेमतेम तिघे परत येतात. बाकीच्यांना मी वहीतला क्रमांक पाहून फोन करते.